शालन सिस्टरचा निळा डबा

शालन सिस्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी खळ्यात आमसुलं वाळत घालत होते. कणकवलीहून तिच्या मुलीचा फोन. "मावशी, आई गेली..." एवढंच म्हणाली आणि पुढे तिला बोलवेना. मी म्हटलं, "रड बाय, रडान घे." फोन ठेवला आणि राहिलेली आमसुलं पसरून टाकली, नाहीतर फुकट गेली असती. पडवीत भावोजी बसले होते, माझ्या घोवाचे थोरले भाऊ. डोळे गेलेत, पण कान शाबूत. "कोण गेला गो?" मी सांगितलं. तर म्हणतात, "अरेरे... बरी बाय होती हां ती." तोंडावरची माशी उठवावी तसं म्हणाले. तेव्हाच मी ठरवलं की हे लिहून घ्यायचं. मी दुसरी शिकलेली. बोलणं माझं, अक्षर नातीचं.

शालन घाटावरची. नांदगावच्या दवाखान्यातून चालत आमच्या वाडीत यायची, खांद्याला लशीचा निळा डबा. तिचं बोलणं ऐकून बायका हसायच्या, तिला घाटीण म्हणायच्या. ती पण हसायची. पहिल्यांदा आली तेव्हा मी माझ्या बबनला न्हाऊ घालून, धुतलेलं झबलं घालून तयार ठेवला होता. दीड वर्षाचा होता. घोव माझा मालवणात ट्रॉलरवर, घरात शब्द भावोजींचा. ते गडग्याजवळ, अंगणाच्या दगडी कुंपणापाशी, आडवे उभे राहिले. "चल, चालू पड. सुयो टोचूक आमची पोरां काय गुरां नाय!"

शालन म्हणाली, "गुरांस्नी बी टोचत्यात की दादा. म्हून तर ती जगत्यात."

वाडीतली माणसं खो खो हसली. तेच भावोजींना झोंबलं. दगड उचलून मारला. तो डब्याला लागला, कोपरा फुटला. ती बिचारी डबा पोटाशी धरून निघून गेली. मला भावोजी म्हणाले, "भितर जा." मी बबनला घेऊन आत गेले.

भात कापणीला आलं तेव्हा बबनचा घसा धरला. मान बैलासारखी सुजली. तोंड उघडून बघितलं तर घशात पांढुरकं चामडं धरलेलं. घटसर्प. भावोजींनी अंगारा लावला, "बाधा आसा, उतरात" म्हणाले. मग गाडी मिळेपर्यंत, कणकवलीला पोचेपर्यंत... माझ्या मांडीवरच गेला. रडले नाही मी. भात कापायचं होतं.

शालन आपणहून आली. कोणी बोलावली नव्हती. मागच्या पडवीत माझ्याजवळ बसली. मी विचारलं, "माका इतक्याच सांग. माज्या झिलाच्या आंगात कायच बळ नाय होता?" तिनं समोरच्या शेताकडे बोट दाखवलं. रानडुक्कर येतात म्हणून माणसं माळ्यावर राखणीला बसतात ना, तशी शरीरात पण राखण असते, म्हणाली. कातडी म्हणजे गडगा. काटा रुतला की गडगा फुटतो, वैरी आत शिरतात. मग पहिले राखणे धावतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी. जागा लाल होते, सुजते, ठणकते, ती त्यांची झटापट. ते तोंड बघत नाहीत, परका दिसला की गिळतात. पू येतो त्यात हेच मेलेले राखणे असतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाणाची गाठ येते, ती त्यांची चौकी जागी झालेली. पण काही वैरी त्यांना पुरून उरतात. त्यांच्यासाठी दुसरे राखणे असतात. ते एकेका वैऱ्याचं तोंड नीट बघून त्याच्याच मापाचं हत्यार घडवतात. गोवराचं हत्यार घटसर्पाला चालत नाही.

"पर वैनी, पयल्या खेपेला हत्यार घडवायला आठ-पंधरा दिस लागत्यात. घटसर्प तेवढं दिस देत न्हाई."

"मगे तुजी सुई काय करता?"

"दात पाडलेला साप दावती त्यास्नी. चावत न्हाई, पर तोंड तेच. राखणं हत्यार करून ठेवत्यात, आन् डूख धरत्यात. खरा साप आला की मग वाट बघत न्हाईत."

डूख धरतात... हा शब्द माझ्या आत जाऊन बसला. म्हणजे शरीर वैऱ्याला माफ करत नाही. आणि मला कळलं, भावोजींनी गडग्यावर सिस्टर अडवली नाही, माझ्या बबनचे ते आठ-पंधरा दिवस अडवले. आमच्याकडे असा घाव झाला की माणूस देवळात जाऊन गाऱ्हाणं घालतो, त्याच्या घरात दिवा लागू नये म्हणून. मी नारळसुद्धा सोलून ठेवला होता. मग तो खवला आणि आमटीत घातला. देवावर कशाला सोडू?

पुढच्या वर्षी जावेला, भावोजींच्या बायकोला, मुलगा झाला. सुधीर. भावोजी बाजाराला गेलेले बघून मी शालनला निरोप धाडला. जावेनंच सुधीर माझ्या हातात दिला, तिलाही नवऱ्याचं भय मुलापेक्षा मोठं नव्हतं. फणसाखाली मी त्याला घट्ट धरला, शालननं मांडीला सुई दिली. जाताना म्हणाली, "ताप यील वैनी. आतली राखण उठली म्हंजी अंग तापतंय. उद्या-परवा उतरंल. घाबरू नगासा." मी जावेला तेवढं सांगून ठेवलं. भावोजींना नाही.

ते आले तर पोर तापानं फणफणलेलं, मांडी सुजलेली. त्यांना कळलंच. "काय केलास माज्या झिलाक? मरतलो तो! मारलास तुमी तेका!" घरभर नाचले. मग माझ्यासमोर खाली बसले. हात जोडले. "गो, सांग काय तरी... वाचात ना तो?"

मला ठाऊक होतं. मी भाताची पेज ढवळत राहिले. म्हटलं, "माजो नाय वाचलो."

जाऊ पण गप्प बसली, तिचाही काही हिशोब असेल. सुधीरचा ताप उतरेपर्यंत भावोजी पाळण्याजवळून हलले नाहीत, पाण्याचा घोट घेतला नाही. त्यांच्या डोळ्यांत मी तेच बघितलं जे कणकवलीच्या वाटेवर माझ्या डोळ्यांत होतं. बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, इतकं बरं मला पुढे नातवंडं झाली तेव्हाही वाटलं नाही. पुढच्या सुयांना सुधीरला भावोजींनी स्वतः नेला, खांद्यावर बसवून.

शालनला कळलं तेव्हा ती रागावली. "राखण घरच्यालाच चावाय लागली तर तो रोग हुतो, वैनी. सांधं सुजत्यात, माणूस वाकडं हुतं."

"चुकीच्या माणसाक नाय चावलंय गो मी."

ती पदर तोंडाला लावून हसली. तिथून आमची गाठ पडली ती पडलीच. वाडीत कोणी पोर लपवलं की मी पुढे आणि ती मागे. आमच्या वाडीत परत घटसर्प शिरला नाही. निवृत्त झाली तेव्हा कोपरा फुटलेला तो डबा मोडीत निघाला होता, तो मला देऊन गेली.

शेवटची भेट इस्पितळात. रक्ताचा कॅन्सर, पांढऱ्या पेशींचाच. नर्सनं माझ्या तोंडाला फडकं बांधून मला दाराशी थांबवली. आयुष्यभर दुसऱ्यांची राखण जागवली आणि हिची आपली फितूर झाली. शालन खाटेवरून म्हणाली, "आत येऊ नगासा, वैनी. आमचं राखणं सगळं मेल्यात. साधी सर्दीबी मारंल मला." मग भावोजींचं विचारलं, "दादा हायत व्हय अजून?"

"आसत. तीन वेळ जेवतत."

"सोडा की आता... लई वर्सं झाली."

मी म्हटलं, "तूच शिकवलंस ना, आठवण जुनी झाली की परत सुई देवची लागता?"

"बूस्टर," ती म्हणाली आणि हसताना तिला धाप लागली. सोडते असं मी म्हटलं नाही. मरणाऱ्या माणसाला खोटं सांगू नये.

फोन आला त्या दिवशीही भावोजींचा चहा मी नेहमीच्या जागी ठेवला. शालननं डबा दिल्यापासून त्यांचा चहा मी त्या डब्यावरच ठेवते. पडवीत, त्यांच्या उजव्या हाताला. डोळे गेल्यापासून ते चाचपडत कप शोधतात आणि बोटं आधी फुटलेल्या कोपऱ्यावर जातात. त्या दिवशी ती तिथंच थांबली.

"ह्यो डबो काड गो आता हयसून," ते म्हणाले. "ती पण गेली."

"चाय घेवा," मी म्हटलं. "थंड जाता."