नोराच्या बटर डिशची नक्षी

निवेदिता आयर्लंडमधल्या ड्रोहेड्याच्या हॉस्पिटलात रेडिऑलॉजिस्ट. दिवसभर अंधाऱ्या खोलीत स्क्रीनसमोर बसून लोकांची फुप्फुसं आणि मणके बघायचे आणि रिपोर्टात ‘बहुधा’, ‘शक्यता नाकारता येत नाही’ असं लिहायचं, हे तिचं काम. ठामपणे काही म्हणायची संधी क्वचितच. त्यामुळेच असेल, तिला जुन्या काचेचा नाद लागला. वितळलेली काच साच्यात ओतून, वरून दाबून केलेली जुनी भांडी. प्रत्येक नक्षीला एक कारखाना असतो, एक साल असतं. नीट शोधलं तर पक्कं उत्तर मिळतं, अशी तिची समजूत होती.

ही समजूत एका साखरेच्या बाऊलने मोडीत काढली. पुण्याहून इथे आली त्या पहिल्याच हिवाळ्यात तिने तो एका चॅरिटी शॉपमधून उचलला होता. अंगावर नेच्याची पानं, खाली बारीक मण्यांची ओळ. तळाशी कसलीही खूण नाही. तिने पुस्तकं धुंडाळली, संग्राहकांच्या ऑनलाइन ग्रुपवर फोटो टाकले. एकाने छातीठोकपणे सांगितलं, इंग्लंडातलं सन्डरलंड. दुसऱ्याने तितक्याच छातीठोकपणे सांगितलं, बोहेमियन नक्कल. मग ते दोघे आपसात भांडत बसले आणि बाऊल राहिला बाजूला.

“मॅम, इट्स जस्ट अ बाऊल,” मुलगी स्मृती इथल्या मुलांसारखं आईला म्हणायची. निवेदिता दर वेळी चिडायची.

यंदा मार्चमध्ये डनलीरच्या वाटेवरच्या एका शेतघरातलं सामान विकायला निघालं. नोरा नावाची म्हातारी वारली होती आणि तिचा भाचा डोनल घर रिकामं करत होता. निवेदिताने स्वयंपाकघरातलं प्रेस उघडलं. इथे कपाटाला सगळे प्रेसच म्हणतात, आता तीही म्हणते. आत कपबशांच्या मागे एक बटर डिश होती. नेच्याची पानं, खाली मण्यांची ओळ. पानाच्या शिरासुद्धा तशाच.

तिने डिश खिडकीपाशी नेली. आत तळाच्या मध्यभागी बोटाला काहीतरी उंचवटा लागला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात नक्षी नोंदवली की भांड्यावर पत्त्यातल्या चौकटसारखी खूण उठवत. चौकटच्या कोपऱ्यांत अक्षरं आणि आकडे असत. ते वाचता आले की साल कळतं, नोंद सापडते, कारखाना सापडतो. खूण होती! पण कोपरे झिजून सपाट झालेले. चौकट आहे एवढंच कळत होतं.

“वॉटरफर्ड क्रिस्टल आहे ते,” डोनल मागून म्हणाला. “आंटी नेहमी सांगायची.”

“नाही हो, वॉटरफर्डची काच कापीव असते, ही तशी नाही. ही बघा, साच्याच्या जोडाची रेघ दिसते आहे.”

“वॉटरफर्डच,” तो म्हणाला आणि डिश एकटी विकायला तयार होईना. घ्यायचं तर अख्खं प्रेस रिकामं करून न्या. निवेदिता तीन खोकी घेऊन घरी आली. प्रताप, तिचा नवरा, डन्डॉकच्या ऑफिसातून नुकताच परतला होता. त्याने खोक्यांकडे पाहिलं आणि ती गाडीत परत ठेवायला जागा करू लागला.

“ती परत जाणार नाहीयेत,” ती म्हणाली.

पुढचे दोन आठवडे तिने त्या खुणेचा पिच्छा पुरवला. टॉर्च तिरपा धरून पाहिलं. मैदा चोळून पाहिला. पातळ कागद ठेवून वर पेन्सिल घासली. एका कोपऱ्यात ‘आर’ दिसायचा, टॉर्च हलवला की तोच ‘के’ व्हायचा. ग्रुपवर फोटो टाकला तर बोहेमियनवाला म्हणाला, ही खूण नव्हेच, साच्यातला दोष आहे. तिने रागाने लॅपटॉप मिटला.

आणि मग डोनलचा फोन आला. “ती डिश आंटीने शेजारच्या पेगीला द्यायची कबूल केली होती म्हणे. मला खरंच ठाऊक नव्हतं. बघा जमलं तर.”

“अगं, रीतसर विकत घेतली आहेस तू,” प्रताप म्हणाला. “सांग जमणार नाही म्हणून.”

तेच सांगायचं ठरवून शनिवारी ती पेगीकडे गेली. डिश मात्र सोबत नेली. पेगीला काही ठाऊक असेल ही आशा होती.

पेगी ऐंशीच्या पुढची, पण बोलायला खणखणीत. डिश पाहताच तिने ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. “दर रविवारी चर्चमधल्या मासनंतर नोराकडे चहा. ब्रेड मी न्यायची, लोणी तिचं.”

“ह्या नक्षीला तुम्ही काही नाव द्यायचात का? कुठून आली, कुणी केली?”

“नाव? बटर डिश.”

निवेदिताने डिशच्या आत बोट दाखवलं. “बरं, आत तळाशी ही खूण आहे ना, ती आधी नीट दिसायची का?”

“ती होय!” पेगीने मान हलवली. “नुसता ताप. त्यात लोणी अडकून बसायचं. नोराला धड दिसायचं नाही, म्हणून मीच सुरीच्या टोकाने खरवडायची आणि पावडर टाकून तारेच्या घासणीने घासायची. जन्मभर घासली गं. आता कुठे जरा सपाट झालीय.”

निवेदिताला ओरडावंसं वाटलं. पेगी तिच्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघत होती.

“छान झाली आहे,” निवेदिता म्हणाली.

डिश परत मागायला तिची जीभ रेटली नाही. पेगीने लगेच लोणी काढलं, ब्रेड कापला, चहा केला. निवेदिताने तो प्यायला. ब्रेड उत्तम होता, ह्याचाही तिला रागच आला.

घरी प्रतापने विचारलं, “नाही म्हणालीस ना?”

“दिली.”

“आणि नक्षीचं नाव?”

“नाही कळलं,” असं म्हणत तिने साखरेचा बाऊल प्रेसमध्ये मागे सारला आणि दार जरा जोरातच लावलं. संध्याकाळी ग्रुपवर तिने लिहिलं, ‘नक्षी अज्ञात. खूण वाचण्यापलीकडे.’ खाली लगेच बोहेमियनवाल्याचं उत्तर आलं, मी म्हणालोच होतो. तिने ग्रुप म्यूट केला आणि तीन खोक्यांतल्या कपबशा धुवायला घेतल्या.