फडावरचं वाचन

कुस्त्यांच्या फडावर बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही, असा आमच्या गावात रिवाज होता. कुणी पाडला, का पाडला, मला विचारू नका. तो मोडला शकुंतलाबाईंनी, आणि तोही चौथीपर्यंतच्या शाळेची सगळी पोरं मागं घेऊन.

बाई मूळच्या वाईच्या. कुंडलजवळच्या आमच्या गावी बदलून आल्या तेव्हा वाटलं होतं, वर्षभरात साहेबाला सांगून परत जातील. पण त्या रमल्या. आवाज तर असा खणखणीत, की त्यांनी शाळेत हजेरी घेतली की पलीकडं उसाला पाणी पाजणारा गडी चेष्टेनं 'हजर' म्हणायचा.

१९९४ साली शेजारच्या गावात नवी खासगी शाळा निघाली आणि पोरं न्यायला जीप ठेवली गेली. आमच्या गावचे पुढारी हंबीरराव, जुने पैलवान, त्यांनी ठरवलं की जूनपासून पोरं तिकडंच घालायची. हंबीररावांनी ठरवलं म्हणजे निम्म्या गावानं ठरवलं. पट घटला की दोनातला एक शिक्षक जाणार आणि शाळेला उतरती कळा लागणार, हे बाईंना दिसत होतं. त्या तडक हंबीररावांच्या सोप्यावर गेल्या.

"आवं बाई, तुमी शाळंत काय शिकिवताय, आमाला कवा कळलंय का?" हंबीरराव म्हणाले. "साहेब येतो, जेवतो, झ्याक शेरा लिवतो आन् जातो. सगळी नुरा कुस्ती!"

नुरा म्हणजे आधीच आपसात ठरवून केलेली लढत. पैलवानाच्या तोंडी याहून मोठी शिवी नाही. बाई लालबुंद झाल्या.

"मग साहेब कशाला? जत्रेत मी मुलं फडावर आणते. हवं ते मूल उठवा, हवं ते वाचायला द्या!"

ते ऐकून दुसरे शिक्षक मधुकर गुरुजी यांना घाम फुटला. तपासणीच्या दिवशी कच्ची पोरं घरी ठेवायची आणि हुशार पोरं पुढं बसवायची, ही त्यांची वर्षानुवर्षांची रीत. "निदान साक्षीला तरी आजोळी धाडू," ते म्हणाले. "तिसरीत आली तरी वाचता येत नाही, आणि नेमकी हंबीररावांची नात!"

"सगळी मुलं म्हणजे सगळी," बाई म्हणाल्या.

जत्रेत कुस्त्यांआधी हलगी थांबली आणि तांबड्या मातीच्या कडेनं पोरं बसली. पोरं तिथं म्हटल्यावर त्यांच्या आयाही बांधावर येऊन उभ्या राहिल्या. लोकांनी वाचायला काय काय आणलं होतं! कुणी खताचं पोतं, कुणी लग्नपत्रिका, कुणी भज्यांचा कागद. तो कागद वाचणारी पोरगी मध्येच थांबून म्हणाली, "बाई, हितं तेल हाय, फुडलं दिसत न्हाई." फड खदखदून हसला.

मग हंबीरराव मिशीला पीळ देत उठले. "आता आमची साक्षी. घरात रोज वाचती." त्यांनी तिच्या हातात तिचंच पुस्तक दिलं. साक्षीनं बोट फिरवत कविता धडाधड म्हटली. टाळ्या पडल्या. आजोबा नुसते फुलले. गावाच्या लेखी शाळा जिंकली होती. बाईंनी फक्त गप्प बसायचं होतं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "उघडलेल्या पानावर ही कविताच नाही. तिनं पाठ म्हटलंय. साक्षीला अजून वाचता येत नाही. हे तिचं नाही, आम्हा शिक्षकांचं अपयश. पुढच्या जत्रेपर्यंत येईल."

माझ्या मनात आलं, गेली शाळा! कशाला तोंड उघडलं या बाईनं?

हंबीरराव बाईंच्या पुढ्यात आले. "बाई, गप बसला असता तर जिकला असता की."

"मग ती नुरा झाली असती."

हंबीरराव गर्रकन वळले. नव्या शाळेचा जीपवाला गर्दीत होताच. "गड्या, जीप ने माघारी," ते म्हणाले. "आमची पोरं वरीसभर तरी हितंच. फुडल्या जत्रंला बघू."

मग वर्षभर शाळा सुटल्यावर बाई आणि साक्षी व्हरांड्यात बसलेल्या दिसायच्या. कधी पोरगी रडायची, कधी बाई चिडायच्या, मग दोघी शेंगा खायच्या.

पुढच्या जत्रेत हंबीररावांनी पुस्तक दिलंच नाही. कुणाची तरी लग्नपत्रिका मागून घेतली आणि नातीपुढं धरली. साक्षी हळूहळू वाचत शेवटपर्यंत आली आणि अडली. "आपले... स्ने..." तिनं बाईंकडं पाहिलं. बाईंनी जाणूनबुजून आभाळाकडं पाहिलं. मधुकर गुरुजींनी डोळे मिटले. "स्ने... हां... कित. स्नेहांकित!"

हंबीररावांनी फडातच उडी मारली.

"अडली! बघितलं का रं, माझी नात अडली! पाठ न्हाई क्येलं, खरं वाचती!"