दसऱ्याला पुजलेलं मशीन

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझं बाकी सगळं ठाऊक आहे — पगार, घोरणं, बारावीला कॉपी करताना पकडला गेलो होतो ते — पण हे नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसांत सभ्य दिसायची इतक्या वर्षांची सवय आहे, ती अजून सुटत नाही.

मी इंग्लंडात, बेसिंगस्टोकला एका जपानी कंपनीत काम करतो. पुण्याहून आलो तेव्हापासून तिथेच. इथल्या महाराष्ट्र मंडळात कोणी विचारलं की सांगायचो, मुलांचे गेम बनवतो. ऐकून लोकांना कौतुक वाटायचं, पोरं मागे लागायची. खोटं होतं का? पूर्ण नाही. पूर्ण खोटं बोलायला धाडस लागतं. माझ्यासारखी माणसं अर्ध्यावरच भागवतात.

आमच्या ऑफिसात रिसेप्शनपासून कँटीनपर्यंतच्या भिंतीवर कंपनीचा इतिहास लावलेला आहे. मोठे फोटो, खाली चार-चार ओळी. महायुद्ध संपल्यावर सैनिकांच्या क्लबांतली गाण्याची यंत्रं दुरुस्त करणारं एक छोटंसं दुकान. मग नाणं टाकलं की डुलणारे लाकडी घोडे, मोठ्या दुकानांच्या गच्चीवर ठेवलेले. मग पोरांनी तासन्‌तास चिकटून बसावं असे व्हिडिओ गेम. मग कँटीन येतं आणि इतिहास संपतो. खरी कमाई तिथून पुढे आहे — जुगाराची मशीनं. भिंतीवर त्यातलं एकही नाही. घोड्यावर बसलेलं पोर मोठं झालं, कमवायला लागलं, म्हातारं झालं, आणि कंपनीनं त्याचा खिसा कधी सोडलाच नाही. एवढी साधी गोष्ट, पण भिंतीवर 'आनंद' हा शब्द इतक्या वेळा आहे की वाचणाऱ्याला मळमळावं.

तो मजकूर कोणी लिहिला? मीच. मॅनेजर म्हणाला, यू आर गुड विथ वर्ड्‌स, आणि मी फुगलो. स्वस्तात फुगणारा माणूस आहे मी.

शुभदामावशी माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. मंडळातल्या. मूळच्या राजापूरकडच्या, इथे एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यात, सुईण म्हणून सगळी नोकरी केलेली. मी नवा होतो तेव्हा त्यांनी मला घर तापवणारा बॉयलर कसा चालतो, कौन्सिलशी, म्हणजे इथल्या नगरपालिकेशी, कसं बोलायचं, सगळं शिकवलं. पहिल्या हिवाळ्यात माझ्या अंगावर होता तो कोट त्यांच्या यजमानांचा. काका गेले, मुलगी रिया ग्लासगोला शिक्षिका झाली, मावशी घरी एकट्या. पण एकट्या म्हणजे बिचाऱ्या नव्हेत, हे लक्षात ठेवा. पोहायला जायच्या, लायब्ररीत जायच्या, मंडळाच्या अध्यक्षांना तोंडावर झापायच्या. हे मी मुद्दाम सांगतोय. का, ते पुढे कळेल.

त्या वर्षी आमचं नवं मशीन तयार झालं आणि दसरा नेमका कामाच्या दिवशी आला. मी ऑफिसात सुचवलं — आमच्याकडे ह्या दिवशी अवजारांची पूजा करतात. जपानी डायरेक्टर खूश. त्यांच्याकडेही नव्या यंत्रासाठी पुरोहित बोलावतात म्हणे. एचआरला तर फोटोसाठी असलं काही हवंच असतं. मला रीतसर पूजा करणारं माणूस हवं होतं, मी मावशींना विचारलं. त्या कचरल्या. म्हणाल्या, मशीनला हळदकुंकू लावायचं, ते माझ्यासारख्या विधवेनं कशाला, एखादी सवाष्ण बघ. आणि मी — पुरोगामी! — त्यांना व्याख्यान दिलं. आपण असलं काही मानत नाही, मावशी. मला फार बरं वाटलं स्वतःबद्दल.

त्या आल्या. ठेवणीतली साडी, हातात डबा, डब्यात झेंडू. मी त्यांना भिंत दाखवली, घोडे दाखवले, इतिहास वाचून दाखवला. मुलांना खेळवणारी कंपनी आहे रे तुझी, असं त्या कौतुकानं म्हणाल्या. मी काय केलं? मान हलवली. मग त्यांनी मशीनला हळदकुंकू वाहिलं, फुलं ठेवली, हात जोडले. डायरेक्टर वाकून वाकून नमस्कार करत होते. मग ते म्हणाले, पहिलं बटण ह्यांनीच दाबावं.

आता नीट ऐका. पाहुणे येतात तेव्हा मशीन डेमो मोडवर असतं. त्यात ते जिंकूनच देतं, नाहीतर पाहुणे जांभया देतात. सकाळी तो डेमो मोड मीच चालू केला होता. आणि आमच्याकडे पद्धत आहे — शेवटी पाहुण्यांना सांगायचंच, हे दाखवण्यापुरतं आहे, दुकानातलं मशीन असं वागत नाही. आजवर मी प्रत्येकाला ते सांगितलं होतं. सेल्सवाल्यांना, कौन्सिलच्या लोकांना, एका शाळेच्या ट्रिपलासुद्धा.

मावशींनी बटण दाबलं. दिवे लागले, गाणं वाजलं, तीनही चक्रं एकाच चित्रावर थांबली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. सगळे टाळ्या वाजवत होते. मावशी माझ्याकडे वळल्या, डोळ्यांत पाणी, आणि म्हणाल्या, "सुहास, कौल दिला रे."

कोकणातली बाई. देवाला कौल लावणं लहानपणापासून पाहिलेलं — उजवीकडचं फूल पडलं की देवाची संमती. विधवेच्या हातची पूजा देवाला चालली, असा त्यांनी अर्थ घेतला. आणि मला तो अर्थ दिसला, अगदी स्वच्छ दिसला. एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोललो. त्यांचा आनंद मोडवेना असं तेव्हा स्वतःला सांगितलं. थापा आहेत. मला माझा कार्यक्रम मोडायचा नव्हता, बस.

पुढे काही दिवसांनी त्यांनी विचारलं, ते मशीन गावात कुठे असतं का. आणि मी सांगितलं! हाय स्ट्रीटवर, चॅरिटी शॉपच्या शेजारी, मशीनांच्या दुकानात. हसत सांगितलं. सत्तरीची बाई, पोस्टातून येताना एकदा खेळेल, मजा. हुशार लोकांचे अंदाज असतात तसा माझाही होता.

त्या वर्षभरात मी त्यांना एकदा त्या दुकानाच्या काचेतून पाहिलं. बटण दाबण्याआधी त्या मशीनला हात लावून तो हात कपाळाला लावत होत्या. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. त्यांनी मला पाहू नये म्हणून नव्हे. मला थांबावं लागू नये म्हणून.

त्या मशीनपायी मावशींचं घर गेलं तेव्हा मंडळात कळलं. मग काय, चिवडा खाता खाता सगळे तज्ज्ञ. शिकलेली बाई आणि ही अवदसा! एकजण म्हणाला, काही लोकांना स्वतःवर ताबाच नसतो. मी काय म्हणालो? मी म्हणालो, हो ना. आणि चिवड्याची वाटी पुढे केली.

रिया ग्लासगोहून आली, ती थेट माझ्या किचनमध्ये. रडली नाही. इथेच वाढलेली, तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "दादा, तू त्या कंपनीत आहेस. ऑनेस्टली सांग, आईला हे सवय कसा लागला?"

आणि मी तिला सांगितलं, "काका गेल्यावर मावशी फार एकट्या पडल्या गं. घरात बोलायला कोणी नव्हतं."

वाक्य किती चांगलं आहे बघा. सहानुभूती आहे, समजूतदारपणा आहे, आणि मी त्यात कुठेच नाही. भिंत लिहिणाऱ्या माणसाला असली वाक्यं सहज सुचतात. रिया म्हणाली, "म्हणजे माझा चूक आहे. मी तिकडे राहिली." मी तिच्यासाठी चहा टाकला.

तिनं ग्लासगोची नोकरी सोडली. तिथे एक चांगला मुलगा होता, तोही सुटला. आता दोघी मायलेकी इथेच एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. मावशी खेळायच्या थांबल्या आहेत, पण पोहायलाही जात नाहीत, मंडळातही येत नाहीत. माझ्या बायकोला त्यांनी एकदाच सांगितलं — माझंच चुकलं, विधवेनं कुंकवाला हात लावायला नको होता, देवानं आधी दिलं आणि मग शिक्षा केली. बायकोनं घरी येऊन मला ते सांगितलं आणि विचारलं, एवढी हुशार बाई असं कसं मानते रे? मी म्हणालो, म्हातारपणी होतं असं.

दोघींनी आपापला दोष वाटून घेतलाय. आई स्वतःला अपशकुनी समजते, मुलगी कृतघ्न. मधे मी आहे, नामानिराळा, नुकताच सीनियर झालेला. 'ते मशीन डेमो मोडवर होतं' — एवढंच बोललो तर दोघी सुटतात. नोकरी जाणार नाही, पोलीस येणार नाहीत, फार तर मंडळात माझी छी-थू होईल. एवढ्यासाठीच गप्प आहे. ह्याहून मोठं कारण असतं तर निदान सांगताना बरं वाटलं असतं.

रियाला सख्खा भाऊ नाही. गेल्या भाऊबीजेला ती आमच्याकडे आली, तबक घेऊन. मला ओवाळलं, आणि म्हणाली, दादा, त्या वाईट दिवसांत तू एकट्यानेच मला खरं सांगितलंस. मी पाटावर बसलो होतो. डोकं पुढे केलं आणि टिळा लावून घेतला.