मथळ्यावरचा तळहात

"आवं ताई, आधी अक्षरं झाका," असं म्हणत मावशी पेपराच्या मथळ्यावर आख्खा तळहात ठेवायच्या. मग फोटोकडे बोट करून विचारायच्या, "आता सांगा, काय दिसतंय?"

कुंडलच्या वाचनालयात मी ग्रंथपाल आणि त्या झाडलोट करणाऱ्या. माणदेशातल्या मेंढपाळ घरातल्या, चौथी शिकलेल्या. पण पहिलं पान वाचावं ते त्यांनीच. कोणाला मोठं केलंय, कोणाला कोपऱ्यात ढकललंय, लाल रंग नेमका कुठे ओतलाय, सगळं सांगायच्या. मी पदव्या घेतलेली बाई, नुसती थक्क होऊन ऐकायचे. हे शिकलात कुठे म्हटलं, तर म्हणायच्या, "मेंढरं राखल्यात. त्यास्नी कुठं बोलता येतंय? बघूनच वळखायचं."

मागच्या हिवाळ्यात भरदुपारी उसाची ट्रॉली उलटून दोन मजूर जखमी झाले. ट्रॅक्टर माझा भाऊ चालवत होता. मिळेल त्या जीपमध्ये दोघांना घालून तो सांगलीच्या दवाखान्यात घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी एका चटकदार पेपरात लालभडक मथळा आला, 'दोघांना चिरडून चालक पसार!' खाली भावाचा फोटो, नजर एका बाजूला.

वाचनालयात सातआठ जण त्या पानावर वाकले होते. "बघ की गड्या, नजर कशी चोरतोय," एक जण म्हणाला. मी पुस्तकांच्या कपाटाआड सरकले.

मावशी केरसुणी टाकून आल्या आणि मथळ्यावर तळहात ठेवला.

"आता बघा. कानामागं हळद हाय. पळणारा माणूस हळद लावून पळतोय व्हय? ह्यो कुणाची तरी वाट बघतोय. आन् खांद्यावरची ही बोटं कुणाची? शेजारचं माणूस कापून टाकलंय न्हवं!"

ती बोटं माझी होती. फोटो भावाच्या हळदीचा. नवरीची गाडी मांडवापुढे थांबली होती आणि तो तिकडे बघत होता. हे मी बोलले, आणि मग सांगलीची हकिगतही भडाभडा सांगून टाकली. 'नजर चोरतोय' म्हणणाऱ्याने पेपराची घडी घातली. मावशी परत झाडायला लागल्या होत्या. त्या क्षणी त्या मला फार मोठ्या वाटल्या.

या उन्हाळ्यात मावशी गेल्या. निधनाची बातमी मीच पेपरला दिली, वाचनालयाच्या ग्रुप फोटोसकट. त्यात त्यांचा हात टेबलावरच्या पेपरावर होता. आतल्या पानात चार ओळी आल्या आणि वर नुसता चेहरा. हात कापला गेला होता.

मी त्या चार ओळींवर माझा तळहात ठेवला आणि मावशींच्या चेहऱ्याकडे बघत बसले.