कुंदाताईंची सही

साइटवर गेलं की कुंदाताई आधी गावात शिरून कुणाकडे तरी प्यायला पाणी मागायच्या. पिशवीत बाटली असायची, तरीही. "पाणी कुठून येतं ते कळल्याशिवाय पेन्सिल उचलू नये," म्हणायच्या. निगडीतल्या आमच्या लहानशा ऑफिसातल्या त्या सर्वांत ज्येष्ठ आर्किटेक्ट. हयात कारखान्यांच्या शेडचे नकाशे काढण्यात गेलेली. चाकणच्या पलीकडे टेकडीवर कार्बन-न्यूट्रल रिसॉर्टचं काम आलं, तेव्हा मला म्हणाल्या, "निवृत्तीआधी एक काम तरी मनासारखं करू गं."

मातीच्या भिंती, वारा खेळेल अशा खिडक्या. नकाशा देखणा झाला. पण मालकांना पोहण्याचा तलाव हवा होता आणि सगळी वीज सौर. तलावासाठी बोअर घ्यावी लागणार होती. "आमची हीर आटली तर आमी कुटं जायाचं, बाई?" पायथ्याच्या गावातल्या सखूबाईंनी विचारलं होतं. सौर पॅनेलना छपरं पुरत नव्हती, आणि उरलेल्या जागेवर जुन्या आंब्यांची सावली.

मीटिंगमध्ये ताई विहीर आणि आंबे, दोन्हींसाठी भांडल्या. शेवटी मालक म्हणाले, "ताई, तलाव सोडतो. पॅनेल नाही सोडणार. झाडं दुसरीकडे लावू की."

"तिथली सावली इथं कशी पडेल?" ताई म्हणाल्या. मग त्यांनी नकाशा पुढे ओढला आणि त्यावर सही केली.

बाहेर आल्यावर मी चिडले. "काम सोडायचं होतं, ताई."

"सोडलं असतं. मग पुढच्यानं तलावही दिला असता आणि झाडंही तोडली असती. विहीर तरी राहू दे."

आंब्याची झाडं तोडली त्या दिवशी त्या मुद्दाम आल्या. शेवटची फांदी टेम्पोत चढेपर्यंत उन्हात उभ्या राहिल्या. मी चला म्हटलं, तर म्हणाल्या, "सही माझी आहे. बघायला नको?"

रिसॉर्टला पुढे पुरस्कार मिळाला. ताई समारंभाला गेल्या नाहीत. नवं कामही घेतलं नाही. "दमले गं," एवढंच म्हणाल्या. "तुला कुणी विचारलं, तर काय वाचलं ते सांग. काय गेलं तेही सांग."

गेल्या वर्षी त्या वारल्या. आता ऑफिस मी बघते. नवं काम घेऊन येणारे मालक त्या रिसॉर्टचे फोटो बघायला मागतात, तेव्हा मी आधी आंब्यांचं सांगते. काही जण चहा अर्धा ठेवून उठतात.