एका डब्यात दोन चुली

जव्हारच्या एका वसतिगृहात वायफायचा डबा बसला आणि कंत्राटी ऑपरेटर गोकुळ आळीभर मिरवू लागला. एकाच डब्यातून ऑफिसचं जाळं वेगळं, मुलांचं वेगळं करायचं होतं.

“गोकुळशेठ, भावापासून चूल वेगळी केलीत, तिथेच शिकलात की,” शेजारी चिडवायचे.

सेटिंग करताना त्यानं डबा ऑफिसच्या जाळ्यात टाकला. त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर मात्र मुलांच्या जाळ्यात राहिला. डबा त्याला ओळखच देईना. छताजवळच्या त्या डब्याचं, चुकलेली सेटिंग पुसून टाकणारं बटण उद्या साहेब यायच्या आत दाबलं नाही, तर नोकरी जाणार होती. एवढी उंच शिडी फक्त त्याच भावाकडे, तुळशीदासकडे.

गोकुळ त्याच्या पडवीपर्यंत गेला.

“कोण आहे?” आतून वहिनीनं विचारलं.

तो तिथूनच परतला. आता घरी बसून असतो. खिडकीतून भावाची शिडी दिसते.