पारासमोरच्या उड्या

आमच्या घराण्यात बसून काम केलेलं माणूस माझ्याआधी कुणी नव्हतं. आजोबांची मेंढरं विकली गेली आणि आई-वडील पाटसच्या बाजूला ऊसतोडीला जायला लागले. उसाच्या वाळल्या पाचटाच्या खोपीत आम्ही राहायचो. मी तीन-चार वर्षांची असेन. तोड चालू असली की आई मला जुन्या लुगड्याच्या पट्टीनं गाडीला बांधून ठेवायची. एका बाजूला बिनकठड्याची विहीर, दुसऱ्या बाजूला कोयते. ती तरी काय करणार? पट्टी पुरेल तेवढं माझं अंगण. संध्याकाळी सोडलं की मी अशी सुसाट पळायचे, की वडील म्हणायचे, "हिला मेंढरामागंच धाडायला पायजे व्हती."

पण त्याच वडिलांनी मला दौंडला कॉलेजात घातलं. त्यांचं एकच म्हणणं होतं, "राबणाऱ्याला कुणी अहो-जाहो करत न्हाई. खुर्चीवर बसणाऱ्याला करत्यात. तू खुर्चीवर बसायचं."

मी बी.ए. झाले. घरातली पहिली. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. लग्न होऊन शिरूर तालुक्यात आले, पुढं गावच्या अंगणवाडीत सेविका म्हणून लागले. वडिलांना फोन केला तर पहिला प्रश्न, "खुर्ची हाय ना गं?"

खुर्ची होती. लाल प्लॅस्टिकची, एक हात तडकलेला. तिच्यावर मी ऐटीत बसले आणि पोरांना समोर बसवलं. हाताची घडी, तोंडावर बोट.

अंगणवाडीच्या दाराला दोन पायऱ्या, खाली एवढंसं अंगण आणि समोरच मारुतीच्या देवळाचा पार. पारावर सकाळपासून गावातली जाणती माणसं. त्यांत माझे सासरे आप्पा, आणि त्यांचे चुलतभाऊ आबा, म्हणजे माझे चुलतसासरे. त्यांच्यासमोरून जाताना डोक्यावरचा पदर इकडचा तिकडं होऊ द्यायचा नाही, चाल हळू, नजर खाली. माझ्या कानावर यायचं, "आप्पा, सून मिळाली बरं का तुम्हाला! आत पोरं हायेत का न्हाईत, कळत सुदीक न्हाई." आप्पा मिशीतल्या मिशीत हसायचे. गप्प बसलेली पोरं हीच माझी पदवी, असं मी धरून चालले होते.

तपासणीला येणाऱ्या पर्यवेक्षिका मॅडमनी एकदा विचारलं, "बाई, ही पोरं हलतात कधी?"

"शिस्त आहे, मॅडम."

"एवढ्याशा पोरांना कसली शिस्त? पळू द्या, उड्या मारू द्या. हातापायांत बळ आलं तर पुढं पेन्सिल धरतील."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, उड्या मारायला बी.ए. कशाला लागतं?

पोरांत आबांची नात होती. आईबाप सणसवाडीला कंपनीत, तिथंच भाड्याच्या खोलीत. पोरगी गावाला आबांकडं. चालायला शिकताना ती ओट्यावरून पडली, कपाळाला टाके पडले, तेव्हापासून आबांनी तिला जमीन दाखवली नव्हती. खांद्यावर आणायचे, दारात ठेवायचे, दुपारी उचलून न्यायचे. ठेवलं तिथं ती बसायची. पोरं तिला 'बोचकं' म्हणायची.

एकदा रस्त्यावर जेसीबी आला. सगळी पोरं घडी-बिडी सोडून बाहेर धावली. ही उंबऱ्यावर उभी. तिला दोन पायऱ्या उतरता येईनात. पाराकडं हात करून रडायला लागली. आबा धावत आले, तिला उचललं आणि मला म्हणाले, "जूनला पहिलीत घालायची म्हंत्यात हिला. ओढ्यापल्याडची शाळा, त्यो चढ. कसं जमावं? ऱ्हाऊ द्या आणखी एक-दोन वरीस घरी. पोरीची जात, काय बिघडतंय?"

मी पदराआडून "व्हय" म्हणाले. पण मला माहीत होतं, आमच्याकडं घरी राहिलेली पोरगी घरीच राहते. माझ्या बरोबरीच्या सगळ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडमचं बोलणं आठवून खुर्चीवरूनच सांगितलं, "चला, उड्या मारा." पोरं माझ्याकडं बघत बसली. एवढे दिवस हलू दिलं नव्हतं, आता एकदम कशी हलतील? शेवटी एकजण म्हणाला, "बाई, तुम्ही मारा की."

मी दार लोटून घेतलं. पदर खोचला आणि बेडकासारखी उडी मारली. पोरं आधी दचकली, मग खिदळली, मग सगळी खोली बेडकांनी भरली. आबांची नात सतरंजीच्या काठावर उभी होती. ती गुडघे वाकवून काठावरून फरशीवर आली. सतरंजीची जाडी ती केवढी! पण तिची ती पहिली उडी. आणि तोंडभर हसली.

खोलीत पोरं एकमेकांवर आपटायला लागली म्हणून दोन दिवसांनी मी दार उघडलं. पायरीवरून अंगणात उडी घेतली, तोच पारावर हशा पिकला.

"आप्पा, सूनबाईला झपाटलंय का काय?"

"बी.ए.ला ह्येच शिकवत्यात व्हय?"

आप्पा उठून घरी गेले. संध्याकाळी सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "पारापुढं लय खेळ मांडला व्हता म्हनं. पदर तरी जाग्यावर ठिवायचा, बाई." आप्पा ताटावर होते. त्यांनी मान वर केली नाही. अर्धी भाकरी ठेवून उठले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. वडिलांनी ऊस तोडून शिकवलं ते यासाठी? गावानं हसावं म्हणून?

सकाळी खुर्चीवर बसले. हाताची घडी, तोंडावर बोट. पोरं मुकाट बसली. आबांची नात तेवढी सतरंजीच्या काठावर गुडघे वाकवून उभी राहिली.

"बाई, बेडूक?"

"आज नाही."

तिनं गुडघे सरळ केले, खाली बसली आणि आपणहून तोंडावर बोट ठेवलं.

आदल्या दिवशी पारावरच्या हशानं मला लाज आणली होती. ही लाज वेगळी होती. आईनं मला बांधलं ते विहिरीच्या भीतीनं. मी हिला बांधत होते चार म्हाताऱ्यांच्या हसण्याच्या भीतीनं. त्या दिवशी मला खुर्चीवर टेकवेना.

दुसऱ्या दिवशी आबा तिला घेऊन आले तेव्हा मी पायरीखाली उभी होते. नजर वर करून बोलले.

"आबा, खाली ठेवा तिला. ती चढंल."

"आन् पडली म्हंजी?"

"पडंल. मग उठंल."

सुनेनं असं तोंडावर बोललेलं आबांनी कधी ऐकलं नसेल. त्यांनी तिला खाली ठेवलं आणि पारावर जाऊन बसले.

मी पदर खोचला, पायरीवर चढले आणि उडी मारली. पदर डोक्यावरून घसरला. हशा आलाच. तोंड भाजल्यासारखं झालं, कान तापले. पुन्हा चढले, पुन्हा मारली. माझ्यामागं पोरं धपाधप उतरायला लागली. शेवटी ती पायरीला धरून वर गेली, खालच्या पायरीवर उभी राहिली, गुडघे वाकवले आणि आली. तोंडावर आपटली. गुडघा सोलला.

आबा ताडकन उठले. मी तिला हात लावला नाही. तिनं गुडघ्याकडं बघितलं, आबांकडं बघितलं, ओठ काढला. आणि रांगत पुन्हा पायरीवर चढली.

तेवढ्यात आबा मोठ्यानं खाकरले. आमच्याकडं घरात शिरताना सासरे असे खाकरतात, म्हणजे सुनेनं पदर सावरावा. सवयीनं माझा हात डोक्याकडं गेला. पण आबा इकडं येत नव्हते. ते पारावरच्यांना म्हणत होते, "तोंडं फिरवा रं तिकडं. काय तमाशा हाय का? तिला तिचं काम करू द्या."

एकेकानं कुरकुरत देवळाकडं तोंड केलं. सगळ्यात शेवटी आप्पांनी.

तेव्हापासून आमच्या उड्यांच्या वेळेला पारावर नुसत्या पाठी दिसतात. कधी कुणी हळूच मान वळवतो, मग आबांचं खाकरणं ऐकू येतं. माझी लाज गेली असं म्हणणार नाही. अजून पदर घसरला की कान तापतात. वडिलांचा फोन येतो, "खुर्चीवर बसतीस ना?" मी म्हणते, "बसते की, दादा." अजून खरं सांगायला जमलेलं नाही.

जूनमध्ये आबांची नात पहिलीत गेली. ओढा उतरून, तो चढ चढून, स्वतःच्या पायांनी.